सुरगाण्याच्या कातळावरचे लिव्हरवर्ट : त्याचे नाव ठरवणारा नमुना युरोपात का असतो?

जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकहून सुरगाण्याकडे निघालात, की घाटातल्या दरडी, पुलांचे कठडे, शेताचे बांध आणि ओहोळाकाठचा काळा कातळ सगळेच हिरवे झालेले दिसते. भिवतास धबधब्याचे रील करणारे याच हिरव्या कातळावर पाय घसरून पडतात आणि ‘शेवाळावरून घसरलो’ म्हणतात. त्यातले बरेचसे शेवाळ नसते. जवळ वाकून पाहिले तर चपट्या, फाटे फुटत गेलेल्या, जमिनीला चिकटलेल्या पट्ट्या दिसतात. कुठे रुपयाएवढी गोल नक्षी असते, कुठे पापडीसारखी जाड हिरवी पट्टी, तर कुठे इतका पातळ पापुद्रा की बोट लावताच फाटेल. ही लिव्हरवर्ट. पुस्तकी मराठीत यांना ‘यकृतका’ म्हणतात. काहींचा आकार यकृताच्या पाळीसारखा दिसतो म्हणून युरोपात हे नाव पडले. (नावात यकृत आहे म्हणून काविळीवर काढा करून पिऊ नका. तो जुन्या युरोपी समजुतीचा भाग आहे, औषधाचा नाही.)

फोटो काढून ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपमध्ये टाकलात, तर ते ‘लिव्हरवर्ट’ एवढ्यावर थांबेल, किंवा छातीठोकपणे युरोपातल्या एखाद्या प्रजातीचे नाव सांगेल. ते दुसरे उत्तर बहुतेक वेळा चुकीचे असते. यात दोष एकट्या अ‍ॅपचा नाही. उष्ण प्रदेशातल्या लिव्हरवर्टच्या नावांचा हिशेबच दोनशे वर्षे विस्कटलेला आहे, आणि जगभरातले मोजके अभ्यासक तो एकेक पुडा उघडून आजही लावत आहेत. तो कसा लावतात, ते इथे पाहू.

आधी एक खुलासा. शाळेच्या पुस्तकात जीनसला ‘प्रजाती’ आणि स्पीशीजला ‘जाती’ म्हणतात. बातम्यांत मात्र स्पीशीजलाच प्रजाती म्हणायची सवय पडली आहे. गोंधळ नको म्हणून या लेखात जीनसला जीनस आणि स्पीशीजला प्रजाती म्हटले आहे.

लिव्हरवर्ट म्हणजे नेमके काय?

नववी-दहावीच्या विज्ञानात ‘ब्रायोफायटा’ नावाचा विभाग असतो. रिक्सिया, मार्केंशिया, फ्युनारिया ही नावे पाठ करून आपण विसरून गेलेले असतो. त्यातली रिक्सिया आणि मार्केंशिया ही लिव्हरवर्ट, फ्युनारिया ही मॉस. यांना फूल नाही, बी नाही, खरे मूळ नाही. पाणी वर चढवणाऱ्या नळ्यांची व्यवस्थाही नाही. पुनरुत्पादनासाठी पाण्याचा थर लागतो, कारण नर पेशी पोहत मादीपर्यंत जाते. म्हणून यांचा सगळा संसार पावसाळ्यातला. पाऊस सरला की पट्टी सुरळी होऊन वाळते, काळी पडते, आणि जून आला की पुन्हा हिरवी होते.

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याचा पश्चिमेकडचा, गुजरातला लागून असलेला तालुका. हातगडचा किल्ला याच तालुक्यात, आणि किल्ल्यावरून समोर सापुतारा दिसते. कोकणा, वारली, महादेव कोळी ही इथली वस्ती. भात, नागली, वरई ही पिके. नार, पार या नद्या पश्चिमेला उतरतात. म्हणजे जमीन बेसॉल्टची, पाऊस भरपूर, आणि उन्हाळा कडक. लिव्हरवर्टसाठी ही जागा एकाच वेळी फार चांगली आणि फार वाईट. वर्षातले चार महिने चैन आणि आठ महिने तग धरायचा. असे दुहेरी आयुष्य काढणारे जे जीनस महाराष्ट्रात नोंदलेले आहेत, ते अशा ठिकाणी शोधावेत.

बांधाच्या ओल्या मातीवर गोल चकती दिसली तर ती बहुधा रिक्सिया. ही आपली बीजुके पट्टीच्या आतच ठेवते, वर काही काढत नाही. दगडी भिंतीवर चिकटलेली, कडेला आणि खालच्या बाजूला जांभळे खवले असलेली जाड पट्टी प्लॅजिओकाझ्मा असू शकते. पट्टीच्या टोकाखाली शिंपल्यासारखी काळपट जांभळी डबी दिसली तर टार्गिओनिया. आणि अंधाऱ्या, ओलसर भिंतीवर, पुलाच्या मोरीत किंवा विहिरीच्या आतल्या बाजूला सोनेरी-हिरवी झाक मारणारा पातळ पापुद्रा असेल तर सायाथोडियम. ते स्वतः उजेड देत नाही. आत आलेला थोडासा उजेड त्याच्या पेशी अशा परतवतात, की पापुद्रा चमकल्यासारखा वाटतो.

इथवर जीनस झाले. प्रजाती कोणती, हे सांगायला मात्र भिंगाने भागत नाही. तिथे सूक्ष्मदर्शक लागतो, आणि त्याच्याही आधी लागतो ‘टाइप’.

टाइप नमुना : नावाची खुंटी

एखाद्या वनस्पतीला नवे शास्त्रीय नाव देताना शास्त्रज्ञ वर्णन लिहितो. पण शब्दांवर भरवसा किती ठेवायचा? ‘पट्टी मध्यम रुंद, कडा किंचित जांभळी’ या वर्णनात दहा प्रजाती बसतील. म्हणून नियम असा, की नाव वर्णनाला नाही तर एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेले असते. तो नमुना म्हणजे टाइप. वर्णन चुकले तरी चालेल, चित्र बिघडले तरी चालेल. ‘हे नाव म्हणजे नेमकी कोणती वनस्पती’ असा वाद झाला, की तो पुडा उघडायचा आणि पाहायचे.

सात-बारा, फेरफार, शेजाऱ्याची साक्ष हे सगळे एका बाजूला आणि जमिनीत पुरलेला मोजणीचा दगड दुसऱ्या बाजूला, तसे हे आहे. आणि मोजणीच्या दगडासारखाच टाइपही कधी हरवतो, कधी सरकवलेला सापडतो.

लिव्हरवर्टची नावे मोजायला सुरुवात होते ती लिनियसच्या 1753 च्या ग्रंथापासून. पण नवे नाव देताना टाइप सांगितलाच पाहिजे, हे बंधन आले 1 जानेवारी 1958 पासून. मधली दोनशे वर्षे लोकांनी आपापल्या पद्धतीने नावे दिली. कुणी एक नमुना ठेवला, कुणी पाच ठेवले, कुणी कुठे ठेवला ते लिहिलेच नाही. आज त्या काळातले नाव तपासायचे तर अभ्यासकाला आधी शोध लावावा लागतो, की लेखकासमोर टेबलावर तेव्हा नेमके काय होते. मूळ लेखकाने ठरवलेला एकच नमुना असेल तर त्याला होलोटाइप म्हणतात. अनेक असतील तर त्यातला एक पुढच्या अभ्यासकाने निवडायचा, तो लेक्टोटाइप. काहीच उरले नसेल तर नवा नमुना नेमायचा, तो निओटाइप. ही नेमणूक छापून जाहीर करावी लागते, आणि एकदा झाली की सहज बदलता येत नाही.

टाइपच्या जोडीला दुसरा नियम चालतो तो ज्येष्ठतेचा. एकाच प्रजातीला दोघांनी दोन नावे दिली असतील तर आधीचे टिकते आणि नंतरचे ‘समनाव’ म्हणून मागे पडते. बहुतेक नावबदल या दोन नियमांच्या धडकेतून होतात. वनस्पती तीच असते, कळते एवढेच की दोन पुड्यांत एकच गोष्ट होती, किंवा एका पुड्यात दोन.

फुलझाडातले ओळखीचे उदाहरण घ्या. जुन्नर-शिवनेरीच्या कड्यांवरची दुर्मिळ शिंदळ माकडी. डॅलझेलने तिला मुंबईचा गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या नावावरून फ्रेरिया इंडिका म्हटले. 1958 मध्ये रोली या अभ्यासकाने तिला कॅरालुमा या जीनसमध्ये नेले. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच कुणीतरी घेतलेले होते, म्हणून ती कॅरालुमा फ्रेरी झाली. 2002 पासून ती बूसेरोसिया फ्रेरी आहे. तीन नावे, पण कडा तोच आणि फूलही तेच. लिव्हरवर्टमध्ये हाच प्रकार हजारोंच्या संख्येने झाला आहे, आणि तिथे फूल नसल्यामुळे फार कुणाचे लक्ष गेले नाही.

आपल्या वनस्पती, त्यांची कपाटे

भारतातल्या लिव्हरवर्टची सुरुवातीची बरीच नावे ज्या नमुन्यांवर उभी आहेत ते ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गोळा झाले. नॅथॅनिएल वॉलिक यांच्याकडून नेपाळमधले नमुने युरोपात गेले, आणि लेमान व लिंडेनबर्ग या दोन जर्मन अभ्यासकांनी 1832 मध्ये त्यांतून प्लॅजिओकाझ्मा अपेंडिक्युलाटम आणि रिक्सिया डिस्कलर ही नावे दिली. इंग्लंडमध्ये औषधांचे दुकान चालवणाऱ्या विल्यम मिटन यांनी 1861 च्या सुमारास भारतातल्या लिव्हरवर्टवर मोठा निबंध लिहिला. त्यांचा संग्रह पुढे न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनने घेतला. नीस फॉन एसेनबेक यांचा लिव्हरवर्टसंग्रह स्ट्रासबुर्गला आहे. फ्रान्झ स्टेफानी यांचा जिनिव्हाला. म्हणजे भारतातल्या कातळावरच्या एका पट्टीचे नाव पक्के करायला चार देशांतली कपाटे उघडावी लागू शकतात.

स्टेफानींबद्दल थोडे जास्त सांगायला हवे, कारण उष्ण प्रदेशातल्या गोंधळात त्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांच्याशिवाय तो निस्तरताही येत नाही. 1842 ते 1927 हा त्यांचा काळ. जगभरातून मिशनरी, डॉक्टर, सरकारी अधिकारी त्यांना पाकिटे पाठवत. 1898 ते 1925 या काळात त्यांनी ‘स्पीशीज हेपॅटिकारम’ हा जगातल्या सगळ्या लिव्हरवर्टचा सहा खंडांचा ग्रंथ काढला आणि हजारो प्रजाती नव्या म्हणून जाहीर केल्या. एकट्या माणसाने हे करणे थक्क करणारे आहे. पण पाकीट जावाहून आले, तसेच दुसरे कॅमेरूनहून, तिसरे भारतातून, की त्यांचा कल प्रत्येकाला वेगळे नाव देण्याकडे असे. उजेडात वाढलेली आणि सावलीत वाढलेली एकच प्रजाती वेगळी दिसते, हे त्यांनी पुरेसे मनावर घेतले नाही. वर्णने त्रोटक, लॅटिनमध्ये, आणि एकमेकांशी तुलना क्वचित.

परिणाम काय झाला, ते प्लॅजिओकिला या पानांसारखी रचना असलेल्या, उष्ण प्रदेशात भरपूर वाढणाऱ्या जीनसमध्ये दिसते. सगळ्या लेखकांनी मिळून त्यात दीड हजारांहून अधिक नावे दिली. प्रत्यक्षात प्रजाती चारशे-पाचशेच्या आसपास असाव्यात असा अभ्यासकांचा अंदाज. म्हणजे दर तीन नावांमागे दोन फालतू. पण कोणती दोन, हे घरबसल्या ठरत नाही. त्यासाठी प्रत्येक नावाचा पुडा पाहावा लागतो.

माझ्या मते स्टेफानींना दोष देणे सोपे आहे आणि थोडे अन्यायाचेही. त्यांनी नमुने जपून ठेवले, चित्रे काढली, आणि तो संग्रह एका जागी राहिला. म्हणूनच आज त्यांच्या चुका सापडतात. बर्लिनचे तसे झाले नाही. 1943 च्या मार्चच्या पहिल्या तारखेच्या रात्री विमानहल्ल्यात बर्लिन-दालेमचे वनस्पतिसंग्रहालय जळाले आणि लाखो नमुने गेले. गॉट्शे या मोठ्या लिव्हरवर्ट-अभ्यासकाचा संग्रह त्यात होता. त्यांच्या नावांचे टाइप आता इतरांना वाटलेल्या तुकड्यांत शोधावे लागतात. तुकडा मिळाला तर ठीक, नाहीतर जुनी चित्रे किंवा निओटाइप.

पुडा उघडल्यावर

लिव्हरवर्टचा टाइप म्हणजे काचेच्या पेटीतली दिमाखदार वस्तू नव्हे. घडी घातलेला कागदाचा छोटा पुडा, वाण्याकडे पूर्वी हिंग-जिरे बांधून मिळायचे त्याच प्रकारचा. वर शाईने जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. कधी यातले काहीच नसते, फक्त ‘इंडिया’ किंवा ‘नेपाल’. आत वाळलेला तपकिरी चुरा. त्यातला एक तुकडा पाण्यात टाकला की तो काही मिनिटांत फुगून जवळजवळ मूळ आकार घेतो. दोनशे वर्षांपूर्वीचा तुकडासुद्धा. लिव्हरवर्टच्या अभ्यासात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

मग पातळ काप घेऊन पाहायचे. पेशी केवढ्या, हवेची पोकळी किती थरांची, खालच्या खवल्यांना कोणती शेपटी, बीजुकांवर जाळी कशी. रिक्सियामध्ये तर बीजुकांवरची नक्षी हाच मुख्य पुरावा. ती नीट पाहायला आता इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरतात. टाइपमध्ये पिकलेली बीजुके नसतील तर अर्धी लढाई तिथेच हरली. शिवाय टाइपचा तुकडा कापला की तो संपतो. संग्रहालये म्हणून हात राखून परवानगी देतात. डीएनए काढायचा म्हटले तर आणखी तुकडा जातो, आणि जुन्या नमुन्यातला डीएनए तुटलेला असतो.

एक अडचण अशी आहे, की तिच्यावर उपायच नाही. लिव्हरवर्टच्या पेशींत तेलाचे सूक्ष्म गोळे असतात, तैलपिंड. त्यांची संख्या, आकार, रंग यांवरून प्रजाती ओळखायला फार मदत होते. पण वनस्पती वाळली की ते थोड्याच काळात विरून जातात. म्हणजे ज्या खुणेवर आजचा अभ्यासक सर्वाधिक भरवसा ठेवतो ती खूण टाइपमध्ये नसतेच. उपाय एकच : जिथून टाइप आला त्या जागेवर जाऊन ताजा नमुना गोळा करायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. त्यासाठी ती जागा शिल्लक असावी लागते.

आणखी एक नेहमीची भानगड म्हणजे मिसळ. एका मूठभर सालीवर किंवा मातीवर तीन-चार प्रजाती गुंतून वाढतात. गोळा करणाऱ्याने मूठभर उचलले, लेखकाने पट्टी एकीची पाहिली, बीजुके दुसरीची, आणि वर्णन लिहिले अस्तित्वात नसलेल्या तिसरीचे. अशा वेळी पुड्यातला कोणता तुकडा टाइप मानायचा हे नंतरच्या अभ्यासकाने ठरवून वेगळ्या घडीत ठेवायचे.

चार नावांचे एक, आणि एकाची दोन

सह्याद्रीसह जगाच्या ओलसर उष्ण भागांत डुमॉर्टिएरा हिर्सुटा ही रुंद, गडद हिरवी, मखमली पट्टीची लिव्हरवर्ट आढळते. तिचे मूळ नाव स्वार्ट्झने 1788 मध्ये दिले, जमैकातल्या नमुन्यावरून. मग नेपाळचा नमुना आला, तो वेगळी प्रजाती ठरला. आणखी कुठून कमी केसांचा आला, तोही वेगळा. 1919 मध्ये येल विद्यापीठाच्या अलेक्झांडर इव्हान्स यांनी हे सगळे एकत्र ठेवून पाहिले. पट्टीवरचे केस आणि मखमल वाढण्याच्या जागेप्रमाणे कमीजास्त होते, असे त्यांना दिसले. त्यांनी सगळ्यांना एका हिर्सुटाखाली आणले. पुढे गुणसूत्रे मोजल्यावर त्यात एकपट, दुप्पट, तिप्पट अशा जाती-उपजाती सापडल्या आणि काहींना उपप्रजातीचा दर्जा परत मिळाला. म्हणजे पुनर्वर्गीकरण हा एकदा करून संपणारा निवाडा नसतो.

उलट दिशेचे उदाहरण थंड प्रदेशातले आहे, पण टाइप का लागतो हे त्यात स्वच्छ दिसते. कोनोसेफालम कोनिकम ही लिनियसच्या काळापासूनची प्रसिद्ध लिव्हरवर्ट. एन्झाइम आणि डीएनएच्या अभ्यासातून कळले की त्या एका नावाखाली अनेक प्रजाती दडल्या आहेत. 2005 मध्ये पोलंडच्या अभ्यासकांनी त्यातली एक कोनोसेफालम सॅलेब्रोसम म्हणून वेगळी काढली. मग जुने नाव कोणाकडे राहणार? ज्या प्रजातीचा तुकडा टाइप ठरतो, तिच्याकडे. दुसरी कितीही सामान्य असो, कितीही पुस्तकांत तिचाच फोटो असो, नवे नाव तिला घ्यावे लागते.

कधी नियमालाही अपवाद करतात. प्लॅजिओकाझ्माच्या आधी, 1770 च्या दशकात, कॅप्टन कुकच्या जहाजावरच्या फोर्स्टर पितापुत्रांनी याच जीनसला आयटोनिया म्हटले होते. ज्येष्ठतेने ते जिंकायला हवे. पण प्लॅजिओकाझ्मा इतके रुळले होते, की वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते राखून ठेवले आणि आयटोनिया रद्द केले. गंमत म्हणजे कुलाचे नाव मात्र अजून आयटोनिएसीच आहे. घर विकले, पाटी तशीच.

ग्रिफिथची पाकिटे आणि मत्स्यालयातली ‘पेलिया’

विल्यम ग्रिफिथ हे कंपनीच्या नोकरीतले डॉक्टर. आसाम, खासी टेकड्या, भूतान, अफगाणिस्तान असे फिरत त्यांनी अफाट गोळा केले आणि 1845 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी मलाक्काला वारले. त्यांच्या टिपणांचा संग्रह 1849 मध्ये छापला गेला. त्यात सोनेरी झाकेची एक लिव्हरवर्ट होती, तिला त्यांनी सिनहायमेनियम ऑरिओनायटेन्स हे नाव दिले होते. उत्तरपदाचा अर्थच ‘सोन्यासारखे चमकणारे’. त्यांना माहीत नव्हते की कुन्झे यांनी 1834 मध्येच याच जीनसला सायाथोडियम म्हटले आहे. नंतर शिफनर यांनी ती तिकडे हलवली. जीनस बदलला, पण ‘ऑरिओनायटेन्स’ टिकले. ग्रिफिथची चमक शाबूत राहिली, असे म्हणू.

त्याच टिपणांत मोनोसेलेनियम टेनेरम ही आणखी एक लिव्हरवर्ट आहे. दीडशे वर्षे ती वनस्पतिशास्त्रज्ञांपुरतीच होती. मग 2000 च्या सुमारास मत्स्यालयाच्या बाजारात ‘पेलिया’ नावाची एक सुंदर पट्टी विकायला आली. युरोपातली पेलिया एंडिविफोलिया म्हणून ती घराघरांत पोहोचली. 2003 मध्ये जर्मनीत ती तपासली, तेव्हा ती ग्रिफिथची मोनोसेलेनियम निघाली. दुकानांत आजही ती पेलिया म्हणूनच मिळते. तुमच्या मत्स्यालयात असेल, तर तिचे खरे नाव आता तुम्हाला माहीत आहे.

भारतात हा हिशेब कोणी लावला?

भारतीय लिव्हरवर्टचा अभ्यास इथल्या मातीत रुजवला तो लाहोरच्या शिवराम कश्यप यांनी. 1929 आणि 1932 मध्ये पश्चिम हिमालय व पंजाबच्या मैदानातल्या लिव्हरवर्टवर त्यांचे दोन भाग निघाले. त्यांच्यानंतर लखनौ विद्यापीठ हे मुख्य केंद्र झाले. एस. के. पांडे आणि राम उदर यांनी 1957 मध्ये भारतातल्या रिक्सियांची फेरतपासणी प्रसिद्ध केली. भारतीय पुस्तकांत रिक्सिया हिमालयेन्सिस म्हणून जी प्रजाती शिकवली जायची ती आणि 1832 ची रिक्सिया डिस्कलर एकच मानली जाऊ लागली, ती अशाच तपासण्यांतून. तरीही कॉलेजच्या जुन्या नोट्समध्ये हिमालयेन्सिस अजून तग धरून आहे.

महाराष्ट्रात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पुण्याचे पश्चिम विभागीय केंद्र, आघारकर संशोधन संस्था आणि मुंबईच्या सेंट झेवियर्समधले ब्लॅटर हर्बेरियम हे मोठे संग्रह आहेत. नाशिक जिल्ह्याच्या वनस्पतींवर लक्ष्मीनरसिंहन आणि शर्मा यांचा ग्रंथ 1991 मध्ये आला. तो फुलझाडांचा आहे. सुरगाण्याचा साग, ऐन, मोहा त्यात सापडतील. कातळावरची पट्टी नाही. आपल्याकडे ‘जिल्ह्याच्या वनस्पती’ म्हटले की फुलझाडेच धरायची, ही रीत जुनी आहे आणि मला ती खटकते.

कारण नाव नसण्याची किंमत मोजावी लागते. रस्ता रुंद करताना दरड छाटली, पुलाची जुनी दगडी मोरी काढून सिमेंटची केली, ओहोळावर बंधारा घातला, तर तिथल्या लिव्हरवर्ट जातात. नार-पार खोऱ्यांतले पाणी गिरणेकडे वळवण्याची योजनाही याच मुलखातली आहे. अशा कुठल्याही कामाआधी जैवविविधतेची यादी होते, आणि यादीत नावानेच शिरता येते. त्यात दोन्ही बाजूंनी फसगत होऊ शकते. जगभर आढळणाऱ्या प्रजातीला जुन्या चुकीच्या नावामुळे ‘फक्त इथेच आढळणारी’ समजून धावपळ होईल. किंवा खरोखरच एखाद्या खोऱ्यापुरती असलेली प्रजाती कुठल्यातरी सामान्य नावाखाली झाकली जाईल आणि ती गेल्याचे कळणारही नाही. दुसरी चूक सुधारता येत नाही.

2016 मध्ये सोडरस्ट्रॉम, हॅगबोर्ग, फॉन कॉनराट आणि जगभरच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी लिव्हरवर्ट आणि हॉर्नवर्टची पहिली जागतिक यादी काढली. त्यात 7,486 प्रजाती मान्य केल्या आहेत, त्यांतल्या 215 हॉर्नवर्ट. यादीत प्रत्येक नावापुढे त्याबद्दल किती खात्री आहे याचीही खूण आहे, आणि अनेक नावांपुढची खूण शंकेची आहे. म्हणजे त्या नावांचा टाइप कुणीतरी पुन्हा नीट पाहायचा बाकी आहे.

तुम्ही काय करू शकता?

शिकागोच्या फील्ड म्युझियमने ‘मायक्रोप्लांट्स’ नावाच्या उपक्रमात फ्रुलानिया या जीनसच्या नमुन्यांची सूक्ष्मचित्रे लोकांपुढे ठेवली आणि त्यांच्या पानांवरच्या पिटुकल्या पिशव्या मोजायला सांगितल्या. शाळेतल्या मुलांनीही मोजल्या. अभ्यासकाला वर्षे लागली असती, असे कंटाळवाणे काम बऱ्याच हातांनी हलके झाले. घरबसल्या करण्यासारखे हेच.

बाहेर फिरताना फोटो काढणार असाल तर वरून एक, पट्टी अलगद उलटून खालच्या खवल्यांचा एक, आणि कडेने एक काढा. मोजपट्टी किंवा नाणे शेजारी ठेवा. वरून काढलेल्या एका सुंदर फोटोवरून कोणीही प्रजाती सांगू शकत नाही. जो सांगेल त्याला ‘खवले पाहिलेत का?’ असे विचारा. जागा लिहा, आणि ‘सुरगाणा’ एवढेच नको : गाव, ओहोळ, दगड की माती, ऊन की सावली. नमुना घ्यायचा असेल तर वनजमिनीत वनखात्याची परवानगी लागते, हे विसरू नका. नमुना प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवला तर कुजतो. कागदाचा पुडा, सावलीत वाळवलेला, हीच रीत वॉलिकच्या काळापासून बदललेली नाही.

एक गोष्ट मात्र बदलली आहे. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे भारतात नवी प्रजाती सापडली तर तिचा नमुना देशातल्या नेमून दिलेल्या संग्रहात जमा करावाच लागतो. उद्या सुरगाण्याच्या एखाद्या मोरीत खरोखरच नवे सायाथोडियम निघाले, तर त्याचा टाइप पाहायला जिनिव्हा किंवा न्यूयॉर्क गाठावे लागणार नाही.